चिमूटभर मिठाचा पायंडा

सरकारी नोकरीतील माझ्या पहिल्या तपासणी-दौऱ्याला आता तीस वर्षे होत आली. उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवस हिशेबाच्या वह्या तपासल्या आणि परत निघालो, तेव्हा तेथील कार्यालयप्रमुखांनी गाडीत दशहरी आंब्यांची एक पेटी ठेवून दिली. मी नको म्हटले, त्यांनी आग्रह केला, शेवटी मी ती घेतली. दुसऱ्या दिवशी त्यातले डझनभर आंबे मी दिल्लीच्या कार्यालयात नेले आणि शाखेतील सगळ्यांच्या टेबलांवर ठेवले. आमचे सेक्शन ऑफिसर जुन्या दिल्लीतील एका कायस्थ कुटुंबातले होते आणि त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षे उरली होती. त्यांनी आंबा हातात घेतला, तो कोठून आला ते विचारले, आणि मग सहज विचारावे तसे विचारले, "पेटीचे पैसे दिलेत ना, साहेब?" मी हसून म्हणालो, "एवढ्याशा आंब्यांचे काय पैसे द्यायचे?" त्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

इराणचा बादशहा नौशेरवान शिकारीला गेला होता. मिळालेली शिकार रानातच भाजायला घेतली, पण जवळ मीठ नव्हते. मीठ आणायला एका नोकराला शेजारच्या गावी धाडले आणि बादशहाने त्याला बजावले की, मिठाचे दाम देऊन ये. नाही तर फुकट घेण्याचा पायंडा पडेल आणि गाव उजाड होईल. बरोबरच्या लोकांना याचे नवल वाटले. इतक्याशा मिठाने असे काय बिघडणार? बादशहाने उत्तर दिले की, जुलूम जगात पहिल्याने आला तेव्हा तो असाच लहानसा होता. मागून येणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपली थोडी भर घातली, म्हणून तो आज एवढा झाला आहे.

गोष्ट संपली. त्यांनी आंबा कापला, खाल्ला आणि म्हणाले, "गोड आहे. पुढच्या खेपेस पैसे देऊन आणा." वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, हुद्द्याने माझ्या हाताखालचे. एवढे बोलून त्यांनी चष्मा लावला आणि फाईल पुढे ओढली.

ही गोष्ट शिराजच्या शेख सादीच्या 'गुलिस्ताँ' या ग्रंथातील आहे, हे मला नंतर कळले. आमच्या सेक्शन ऑफिसरांचे आजोबा मकतबात 'गुलिस्ताँ' शिकले होते. नातवापर्यंत फारसी भाषा पोहोचली नाही, परंतु गोष्टी उर्दूतून घरात टिकल्या. त्यानंतर सवडीप्रमाणे मी या वाङ्मयाची भाषांतरे वाचत गेलो. फारसीचा मी अभ्यासक नव्हे, माझे शिक्षण अर्थशास्त्राचे. तरीही प्रशासनात काम करणाऱ्याला या जुन्या नीतिकथांतून काही शिकता येते काय, आणि त्या कोठे अपुऱ्या पडतात, याविषयी चार गोष्टी मांडाव्यात असे वाटते.

सादीने 'बुस्ताँ' हा पद्यग्रंथ १२५७ मध्ये आणि 'गुलिस्ताँ' त्याच्या पुढच्याच वर्षी पूर्ण केला. १२५८ हे तेच वर्ष, ज्यात मोंगोल सैन्याने बगदाद बुडवले आणि तेथील खिलाफत संपवली. सभोवतालच्या सत्ता कोसळत असताना हा माणूस राजाने कसे वागावे, कारभाऱ्याने कसे वागावे, फकिराने आणि गृहस्थाने कसे वागावे हे लहान लहान गोष्टींतून सांगत होता. 'गुलिस्ताँ'ची आठ प्रकरणे आहेत आणि त्यांतील पहिलेच राजांच्या वर्तनाविषयी आहे. रचना साधी आहे. आधी गद्यात एक प्रसंग येतो आणि मग त्याचे सार दोन-चार ओळींच्या पद्यात सांगितले जाते. पद्य पाठ होते आणि त्याला धरून प्रसंग लक्षात राहतो. कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटू नये.

दिल्लीशी या वाङ्मयाचा संबंध सादीच्या हयातीतच जुळला. सुलतान बल्बनचा थोरला मुलगा शाहजादा मुहम्मद मुलतानला होता. त्याने सादीला हिंदुस्थानात येण्याचे निमंत्रण दिले आणि सादीने वार्धक्यामुळे येता येत नाही असे कळवले, ही हकीकत दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने नोंदवली आहे. त्या शाहजाद्याच्या पदरी दोन तरुण कवी होते. एक अमीर खुस्रो, दुसरा अमीर हसन सिज्जी. खुस्रोचे नाव सर्वांना ठाऊक आहे. हसनला मात्र त्याच्या गझलांमुळे 'हिंदुस्थानचा सादी' म्हणत असत, हे फारसे कोणाला माहीत नसते.

हसन लष्करी सेवेत होता, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी नोकर. १३०८ पासून १३२२ पर्यंत तो शेख निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकींना जात असे आणि तेथे ऐकलेले लिहून ठेवत असे. त्यातून 'फवाइद-उल-फुआद' हा फारसी गद्यग्रंथ तयार झाला. त्यात उपदेशापेक्षा गोष्टीच अधिक आहेत. एका बैठकीच्या वेळी हसनचे वेतन थकले होते आणि तो त्यामुळे खिन्न होता. शेखसाहेबांनी त्याला एका श्रीमंत ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. शहराच्या अधिकाऱ्याने दंडापोटी त्या ब्राह्मणाचे सर्वस्व काढून घेतले. पुढे वाटेत मित्र भेटला आणि त्याने हालहवाल विचारली, तर ब्राह्मण आनंदाने म्हणाला की, सगळे ठीक आहे, माझे जानवे अजून माझ्यापाशी आहे. हसनला गोष्टीचा रोख कळला आणि त्याच्या मनाला उभारी आली.

सूफी संताने मुसलमान शिष्याचे सांत्वन करताना ब्राह्मणाच्या जानव्याचा आदर्श पुढे ठेवावा, हे मनोज्ञ आहे. परंतु पगारबिलांशी आयुष्यभर संबंध आलेल्या माझ्यासारख्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कथेने हसनचे दुःख हलके केले, पण खजिन्याने त्याचा पगार वेळेवर का दिला नाही, हा प्रश्न तसाच राहिला. ब्राह्मणाला दंड न्याय्य होता की नाही, हेही कोणी विचारले नाही. या मर्यादेकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

या हसनचा शेवट आपल्या महाराष्ट्रात झाला. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची मंडळी दौलताबादला हलवली, त्यांच्याबरोबर हसन दक्षिणेत गेला आणि तेथेच वारला. त्याची कबर छत्रपती संभाजीनगरजवळ खुलताबादला आहे. वेरूळची लेणी पाहायला जाणारे आपल्यापैकी बहुतेक जण त्या गावावरून जातात. दिल्लीहून बदली होऊन महाराष्ट्रात गेलेला आणि परत येऊ न शकलेला हा एक जुना सरकारी नोकर, महाराष्ट्रातून दिल्लीत येऊन राहिलेल्या आम्हा मंडळींना जवळचा वाटायला हरकत नाही.

पुढे मोगल काळात हे वाङ्मय केवळ मनोरंजनाचे किंवा भक्तीचे राहिले नाही. ते कारभाऱ्यांच्या शिक्षणाचा पाया झाले. तोडरमलाने १५८२ मध्ये महसुलाचे हिशेब सर्वत्र फारसीत ठेवण्याचा नियम केला, तेव्हा कायस्थ, खत्री आणि ब्राह्मण कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने मकतबांकडे वळली. अकबराच्या वतीने अबुल फझलने अधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचनांत, कामातून सवड मिळेल तेव्हा नीतिग्रंथ वाचावेत असे सांगितले असून नसीरुद्दीन तूसीच्या 'अखलाक-ए-नासिरी'चे नाव त्यात आहे. शाहजहानच्या दरबारातील मुन्शी चंद्रभान ब्राह्मण याने आपल्या मुलाला लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. चंद्रभान लाहोरचा, धर्माने हिंदू, फारसीतला नामांकित गद्यलेखक आणि कवी. मुलाला तो सांगतो की, भाषा यावी म्हणून 'गुलिस्ताँ' आणि 'बुस्ताँ' वाच, मग नीतीचे ग्रंथ वाच, इतिहास वाच. मुन्शीला उत्तम पत्र लिहिता आले पाहिजे, हिशेब आला पाहिजे, आणि गुपित पोटात ठेवता आले पाहिजे. आजच्या कोणत्याही प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमाशी ही यादी ताडून पाहावी. हिशेब आणि टिप्पणीलेखन आजही आहे. पहिले दोन ग्रंथ मात्र गेले आणि त्यांच्या जागी काय आले, हे नीट सांगता येत नाही.

हे सारे वाङ्मय बाहेरून आले, असेही समजण्याचे कारण नाही. ज्या नौशेरवानाची मिठाची गोष्ट वर सांगितली, त्याच्याच काळात, सहाव्या शतकात, बुर्झोय नावाच्या वैद्याने आपल्या पंचतंत्राचे पहलवी भाषेत भाषांतर केले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत 'कलीला व दिम्ना' या नावाने नेले. करटक आणि दमनक या आपल्या दोन कोल्ह्यांची ही अरबी नावे. बाराव्या शतकात गझनीच्या नसरुल्ला मुन्शीने ते फारसीत आणले, पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसेन वाइझ काशिफीने 'अनवार-ए-सुहैली' नावाने अलंकृत केले, आणि ती भाषा फार जड झाली म्हणून अकबराच्या आज्ञेने अबुल फझलने १५८८ मध्ये 'अयार-ए-दानिश' हे सुबोध रूप सिद्ध केले. हजार वर्षे बाहेर फिरून पंचतंत्र हिंदुस्थानात परत आले, ते फारसी वेषात.

आता आपल्या मराठी राज्याकडे वळू. पारसनीस, चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस ही आडनावे दिल्लीच्या मराठी मंडळांच्या यादीतही सापडतात. त्यांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. कारकून, दप्तर, जमाबंदी, अर्ज, हुकूम, शिफारस हे शब्द त्याच वाटेने आपल्याकडे आले. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. शब्द बदलण्याचा हा प्रयत्न मोठा होता. कारभाराच्या नीतीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच होता आणि त्याचे उत्तर मराठी दप्तरांत कसे दिसते, ते पाहण्यासारखे आहे.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदारांना लिहिलेले महाराजांचे एक पत्र उपलब्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण तुम्ही आताच उधळली, तर पुढे काही उरणार नाही; मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरून धान्य, भाकरी, गवत, सरपण, भाजी उचलू लागतील आणि रयत म्हणेल की याहून मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे नौशेरवानाच्या मिठाच्या जागी येथे भाजी आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना आंबा-फणसांच्या झाडांना हात लावू नये असे बजावले आहे, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, त्याचा मोबदला देऊन मगच तोडावे. सादीनेही मिठाच्या गोष्टीखालच्या पद्यात झाडाचाच दाखला दिला आहे. राजाने रयतेच्या बागेतील एक सफरचंद खाल्ले, तर त्याचे नोकर झाडच मुळासकट उपटतील, असा त्याचा भाव.

महाराजांनी किंवा अमात्यांनी सादी वाचून हे लिहिले, असे मला मुळीच सुचवायचे नाही. मला दिसतो तो फरक असा की, फारसी परंपरेत हा विचार कथेच्या रूपाने आला आणि मराठी दप्तरांत तो थेट हुकमाच्या रूपाने आला. कथा ऐकणाऱ्याच्या मनावर सोपवलेली असते. हुकमामागे शिक्षा उभी असते. चिपळूणचे पत्र कुणाला आठवावे म्हणून लिहिलेले नाही, पाळावे म्हणून लिहिलेले आहे.

इंग्रजी अंमलाच्या आरंभी कंपनी सरकारनेही कथांचाच आधार घेतला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात (स्थापना १८००) नव्या गोऱ्या अधिकाऱ्यांना फारसी शिकवत आणि त्यात 'गुलिस्ताँ' असे. मराठी शिकवण्याचे काम विल्यम केरी याच्याकडे होते. त्याच्या देखरेखीखाली वैजनाथ पंडितांनी केलेली 'सिंहासनबत्तिशी' आणि 'हितोपदेश' ही मराठी पुस्तके १८१४-१५ मध्ये सेरामपूरला छापली गेली. छापील मराठी गद्याच्या आरंभीच्या पुस्तकांत नीतिकथा आहेत आणि त्या प्रशासकांना भाषा शिकवण्यासाठी छापल्या गेल्या, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

१८३७ च्या कायद्याने सरकारी कामकाजातून फारसी उठवण्याचा मार्ग मोकळा झाला. १८५५ पासून सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि १८६० मध्ये भारतीय दंड संहिता आली. कथांची जागा कलमांनी घेतली. या संक्रमणकाळात दोन्ही हातांनी लिहिणारा एक माणूस दिल्लीत होऊन गेला. डेप्युटी नझीर अहमद हे दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी आणि महसूल खात्यातील अधिकारी. दंड संहितेच्या उर्दू भाषांतरात त्यांचा वाटा होता, आणि १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'मिरात-उल-उरूस' ही उर्दूतील बोधपर कादंबरीही त्यांचीच. तिला सरकारने एक हजार रुपयांचे बक्षीस दिले होते. कलम लिहिणाऱ्या माणसाला गोष्टही लिहावीशी वाटली, कारण कलमाने काय साधते आणि काय साधत नाही हे त्यांनी कचेरीत बसून पाहिले असावे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाची मांडणी परिचित आहे. मालक दूर असतो, काम मुनिमाच्या हातात असते, आणि मुनीम काय करतो ते मालकाला पूर्णपणे दिसत नाही. बादशहा आणि आमिल, मंत्रालय आणि जिल्हा कार्यालय, सर्वत्र हीच स्थिती. यावर उपाय तीन. पगार पुरेसा द्यावा, तपासणी ठेवावी, आणि कोणी पाहत नसतानाही माणूस नीट वागेल अशी सवय त्याच्यात रुजवावी. पहिले दोन उपाय खर्चिक आहेत. तिसरा स्वस्त दिसतो, म्हणून सर्व राजवटींनी त्याचा सोस केला. परंतु पहिल्या दोन उपायांवाचून तिसरा टिकत नाही, याला इतिहासच साक्षी आहे. 'गुलिस्ताँ' तोंडपाठ असलेल्या अंमलदारांनी रयतेला नाडले नाही, असे कोणताही इतिहासकार म्हणणार नाही. शिवाय सादीत सगळ्यांच्या सोयीचे काही ना काही सापडते. त्याच्या पहिल्याच गोष्टीत, एका कैद्याचा जीव वाचवण्यासाठी वजीर जे खोटे सांगतो, ते दुसऱ्याच्या घातक सत्यापेक्षा बरे ठरते. जीव वाचवण्यासाठी सांगितलेली ही गोष्ट स्वतःची खुर्ची वाचवण्यासाठी किती जणांनी वापरली असेल, याची गणती नाही.

मग नियम असताना कथा कशाला हवी? केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे आचरण नियम आहेत. त्यांत भेटवस्तूंविषयीचा नियम आहे आणि सहज घडलेले जेवण किंवा गाडीतून सोडणे यांसारखे आदरातिथ्य म्हणजे भेट नव्हे, असा खुलासाही आहे. तो योग्यच आहे. नाही तर दौऱ्यावर चहा पिणेही अशक्य होईल. नियमाने कोठे तरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेच्या अलीकडे किती अंतरावर उभे राहायचे, हे नियम सांगत नाही. ते मिठाची गोष्ट सांगते. नवे अधिकारी सरळ विचारतात, "सर, किती रुपयांपर्यंत चालते?" त्यांच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते मी देतो. नौशेरवानाच्या नोकराला मात्र हा प्रश्नच पडला नसता.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आमचे सेक्शन ऑफिसर मला "साहेब, तुम्ही ज्याची तपासणी केली त्याच्याकडून वस्तू घेतली" असे तोंडावर म्हणू शकत नव्हते. आमच्या उतरंडीत ते बसत नाही. कनिष्ठाने वरिष्ठाची चूक दाखवायची तर ती फाईलवर दाखवायची, आणि आंब्याची फाईल नसते. परंतु एका मेलेल्या बादशहाची गोष्ट ते सांगू शकत होते. ती ऐकून मी रागावलो असतो तर राग बादशहावर काढावा लागला असता. करटक-दमनकापासून नौशेरवानापर्यंत या वाङ्मयाचे खरे काम हेच असावे. सत्तेपुढे उभ्या असलेल्या माणसाला अपमान न करता आणि स्वतःचा घात न होऊ देता बोलण्याची वाट त्याने करून दिली. आज आपल्या कार्यालयांत ही वाट उरलेली नाही. कनिष्ठ एक तर गप्प बसतो किंवा निनावी तक्रार करतो. दोन्हींत वरिष्ठाची चूक वेळेवर सुधारत नाही.

इथपर्यंत लिहिले ते सुखाचे आहे. आता जे लिहितो ते माझ्याविषयी आहे.

'गुलिस्ताँ'च्या पहिल्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. सादीचा एक गरजू मित्र त्याच्याकडे येतो आणि दरबारात नोकरीसाठी शब्द टाक म्हणतो. सादी त्याला सावध करतो. मित्र म्हणतो की, ज्याचा हिशेब स्वच्छ आहे त्याला तपासणीचे भय कशाला? त्यावर सादी पळत सुटलेल्या कोल्ह्याची गोष्ट सांगतो. का पळतोस, असे विचारल्यावर कोल्हा म्हणतो की, उंटांना वेठीला धरत आहेत. तुझा उंटाशी काय संबंध? कोल्हा उत्तर देतो की, एखाद्या द्वेष्ट्याने मला उंट म्हटले आणि मी पकडला गेलो, तर मी उंट नाही हे तपासण्याची काळजी कोणाला असणार? इराकहून विषावरचा उतारा येईपर्यंत साप चावलेला माणूस मेलेला असतो. पुढे त्या मित्राला नोकरी मिळते, बढती मिळते, आणि अखेर मत्सरी लोकांच्या चहाडीने तो कैदेत पडतो.

माझ्या एका सहकाऱ्याविरुद्ध निनावी तक्रारीवरून विभागीय चौकशी सुरू झाली. खरेदीच्या एका प्रकरणात त्याची सही होती. त्याचे हिशेब स्वच्छ आहेत असे तो सर्वांना सांगत असे आणि ते खरे होते. चौकशी जवळपास आठ वर्षे चालली. या काळात तो निवृत्त झाला. चौकशी प्रलंबित असल्याने त्याला तात्पुरते निवृत्तिवेतन मिळाले आणि ग्रॅच्युइटी अडकली. त्या आठ वर्षांत ती फाईल अभिप्रायासाठी माझ्याही टेबलावर आली होती. ती माझ्याकडे पाच महिने राहिली. अंदाजपत्रकाचे दिवस होते, संसदेचे प्रश्न होते, दोन पदे रिकामी होती. ही सगळी कारणे खरी आहेत. शेवटी मी ती हातात घेतली तेव्हा अभिप्राय लिहायला मला एक दुपार पुरली.

तो निर्दोष असल्याचा आदेश निघाला तेव्हा त्याला जाऊन चौदा महिने झाले होते. त्याच्या पत्नी कागदपत्रांवर सह्या करायला आल्या होत्या. माझ्या खोलीत चहा घेताना त्यांनी एवढेच विचारले, "यात असे अवघड काय होते, भाऊसाहेब?" मी काही उत्तर देऊ शकलो नाही.

कोल्ह्याची गोष्ट मला तेव्हा माहीत होती. एका प्रशिक्षण वर्गात मी ती सांगितलीही होती आणि मंडळी हसली होती. म्हणून कथेच्या सामर्थ्याविषयी बोलताना मला स्वतःला आवर घालावा लागतो. कथा माहीत असणे आणि ती आपल्याच टेबलावर पडलेल्या फाईलविषयी आहे हे ओळखणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या शाखेत त्या वेळी जुने सेक्शन ऑफिसर नव्हते. जे होते, त्यांनी मला गोष्ट सांगावी असे वातावरण मी ठेवले नव्हते.

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये शासनातील नीतिमत्तेवर स्वतंत्र अहवाल दिला. २०१३ पासून सनदी सेवेच्या मुख्य परीक्षेत नीतिमत्तेची प्रश्नपत्रिका आहे. तिच्यात प्रसंग देऊन 'तुम्ही काय कराल?' असे विचारतात. ही जुन्या हिकायतींचीच नवी पिढी म्हणायला हरकत नाही. परंतु परीक्षेतील प्रसंगाचे उत्तर एकदाच लिहायचे असते आणि त्याला गुण मिळतात. मिठाची गोष्ट प्रत्येक दौऱ्यावर नव्याने लागू होते. त्यामुळे अभ्यासक्रमात आणखी एक प्रकरण घालून हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही.

मग माझ्यासारख्याने करावे काय? मी दोन साधे बदल केले. माझ्याकडे आलेली प्रत्येक चौकशीची फाईल कोणत्या तारखेला आली आणि संबंधित माणूस निवृत्तीपासून किती दूर आहे, याची यादी दर सोमवारी माझ्यापुढे येते. ती हुकमाची बाजू, चिपळूणच्या पत्राची. दुसरे असे की, शाखेत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आंब्याची ती हकीकत माझ्या चुकीसकट सांगतो, आणि माझी चूक दिसली तर तुम्हीही मला एखादी गोष्ट सांगा, असे म्हणतो. अनेकांना हे विचित्र वाटते. गेल्या वर्षी मात्र एका तरुण सहायकाने फाईल ठेवताना विचारले, "सर, ते इराकचे औषध निघाले का?" मी कपाटातून ती दुसरी फाईल काढली आणि त्याच दिवशी वर पाठवली.

आमच्या सेक्शन ऑफिसरांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या त्या सल्ल्यानंतर दौऱ्यावर घेतलेल्या वस्तूंचे पैसे मी नेहमी दिले. काही यजमान रागावले, काहींनी मला गर्विष्ठ ठरवले. एका ठिकाणच्या म्हाताऱ्या शिपायाने मात्र पैसे मोजून घेतले, खिशात ठेवले आणि सांगितले की, साहेब लोकांसाठी आणलेल्या दुधाचे पैसे आजवर त्यालाच भरावे लागत होते.